किती पाहिले म्हणजे कळले?

पृथ्वीतत्त्वाची म्हणून जी वस्तू आहे, तिच्यावर लोखंडाने ओरखडा उठतो. ढेकूळ घ्या, वीट घ्या, मडके घ्या, लाकडाची फळी घ्या. शंभर वेळा करून पाहिले तरी शंभर वेळा तेच दिसते. मग कोणीतरी हिरा पुढे ठेवतो. न्यायशास्त्राच्या वर्गवारीत हिराही पार्थिवच, पण लोखंडाची त्याच्यापुढे मात्रा चालत नाही. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’ लिहिला आणि त्यांच्या परंपरेतले पंडित पिढ्यान्‌पिढ्या हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवत आले. शंभरदा जोडीने दिसलेली दोन लक्षणे एकशे एकाव्या वेळी फारकत घेऊ शकतात. तर मग कितीदा पाहिले म्हणजे ‘हे असेच असते’ असे म्हणण्याचा अधिकार मिळतो?

हा प्रश्न पाठशाळेत संपलेला नाही. कोल्हापुरात तो दर हंगामाला उसाच्या सरीत उभा असतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरात आहे. तिथे नवे वाण को ८६०३२ सारख्या प्रस्थापित वाणाशेजारी लावले जातात. वर्षभराने तोड होते, वजन होते, रसाची तपासणी होते. समजा, नवा वाण दहा टक्क्यांनी जास्त भरला. हे दहा टक्के वाणाचे की त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्याचे? त्याचे उत्तर मिळायला किती वाफे हवेत, किती ठिकाणे हवीत, किती वर्षे हवीत? कृषी संशोधकाच्या दृष्टीने ही नमुन्याच्या आकाराची बाब आहे आणि तिची सूत्रे पाठ्यपुस्तकात मिळतात. पण सूत्राच्या तळाशी गंगेशांचाच प्रश्न आहे. त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते, जो पाठशाळेत फारसा कोणी विचारत नसे: चुकले, तर ते कोणाच्या पदरात पडणार?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एक, जाळ एक. शेताचे तसे नसते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल या दोघांनी एकसारख्या दिसणाऱ्या एक एकर गव्हाचे ५०० सारखे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचे धान्य वेगळे मोजले आणि १९११ साली ते आकडे प्रसिद्ध केले. वाण एकच, मशागत एकच. तरी सर्वांत हलक्या आणि सर्वांत भारी तुकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. त्यांतल्या कुठल्याही दोन तुकड्यांवर दोन वेगळ्या वाणांच्या पाट्या लावल्या असत्या, तर एक वाण विजयी ठरला असता आणि दुसरा बाद झाला असता. दोन्ही निकाल सारखेच पोकळ ठरले असते.

कोल्हापूर जिल्ह्यात तर हा फरक मोजण्याआधी डोळ्यांना दिसतो. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरोळमध्ये पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. मधले अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तिकडे जांभ्याची तांबडी माती, इकडे पंचगंगा-कृष्णेच्या काठची खोल काळी जमीन, आणि त्याच काळ्या पट्ट्यात वर्षानुवर्षांच्या पाण्याने क्षारपड झालेली रानेही. करवीर तालुक्यातल्या एका केंद्रावर घेतलेला प्रयोग या बारा तालुक्यांबद्दल काय सांगू शकतो? वाफे दुप्पट केले तरी ते त्याच केंद्राच्या मातीत दुप्पट होतात. शिरोळची क्षारपड जमीन नमुन्यात शिरतच नाही.

नैयायिकांना ही अडचण चांगली ठाऊक होती. जिथे धूर तिथे अग्नी, हे त्यांना मान्य. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे ते मानत नाहीत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. आयुष्यभर ओलसर लाकडाच्या चुली पाहिलेल्या माणसाला अग्नी आणि धूर यांची जोडी अतूट वाटेल, कारण ओलेपणाची अट त्याच्या नजरेतून सुटलेली असते. या दडलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले. तीच चूल आणखी हजार वेळा पाहून उपाधी सापडत नाही. त्यासाठी कोरडे लाकूड, तापलेले लोखंड अशी वेगळी उदाहरणे शोधावी लागतात. म्हणूनच गंगेशांनी नुसत्या भूयोदर्शनावर, म्हणजे पुनःपुन्हा पाहण्यावर, भिस्त ठेवली नाही. सहचार म्हणजे दोन गोष्टी जोडीने असणे दिसले पाहिजे, व्यभिचार म्हणजे त्याला छेद देणारे उदाहरण दिसता कामा नये, आणि मनात शंका उरली असेल तर तर्काने ती फेडली पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे.

उसाच्या प्रयोगातल्या उपाध्या कोणत्या? वाफा पाटाच्या तोंडाशी आहे. बांधावरच्या झाडाची सावली पडते. मागच्या साली तिथे जनावरे बांधलेली होती. कडेच्या सरीला ऊन आणि वारा जास्त मिळतो, म्हणून तिचा ऊस जाड होतो. याच कारणासाठी चांगल्या प्रयोगात कडेच्या सऱ्या सोडून मधल्याच सऱ्यांचे वजन धरतात. पण या झाल्या माणसाला सुचणाऱ्या उपाध्या. न सुचणाऱ्यांचे काय करायचे?

१९१९ साली रॉथॅमस्टेडला रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी या प्रश्नाला उत्तर दिले, आणि ते तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही नोंदवावे अशा मोलाचे आहे. जमिनीचा जो फरक दिसतो, त्यासाठी रानाचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात सगळे वाण एकेकदा लावायचे. जो फरक दिसत नाही, त्यासाठी गटातली जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची. पंडित उपाधी एकेक करून हुडकत होते. फिशर यांनी मान्य केले की सगळ्या हुडकता येणार नाहीत, आणि प्रत्येक वाणाला त्या अज्ञात उपाध्यांपुढे सारखी संधी दिली. अज्ञान गेले नाही, पण त्याला माप मिळाले. एकाच वाणाच्या निरनिराळ्या वाफ्यांत जो फरक उरतो, तेवढी आपल्या अज्ञानाची जाडी. आणि दोन वाणांमधला फरक या जाडीच्या तुलनेत मोठा आहे का, एवढेच विचारायचे.

या मापाचा हिशेब मराठी माणसांनी भारतीय शेतीत रुजवला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून सांख्यिकी शिकून आले. त्यांनी आणि व्ही. जी. पानसे यांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढला. कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या ‘पानसे-सुखात्मे’ हे जोडनाव घेतच प्रयोगाची आखणी शिकल्या.

त्या आखणीतले एक साधे गणित इथे मांडण्याजोगे आहे. समजा, एकाच वाणाचे वाफे सरासरीपासून साधारण दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे होतात. प्रत्यक्षात नसलेला फरक विसांत एकदाच दिसावा आणि असलेला फरक पाचांत चारदा तरी सापडावा, अशी अपेक्षा ठेवली. दोन वाणांत खरोखर २० टक्क्यांचे अंतर असेल, तर प्रत्येकाचे चार वाफे पुरतात. अंतर १० टक्क्यांचे असेल, तर सोळा वाफे लागतात. ५ टक्क्यांचे असेल, तर त्रेसष्ट. अंतर निम्मे झाले की वाफे चौपट, असा हा नियम आहे. उसाच्या वाण-चाचणीत एका ठिकाणी सहसा तीन-चार पुनरावृत्त्या असतात. म्हणजे एका केंद्राचा एका वर्षाचा प्रयोग वीस टक्क्यांचे अंतर पाहू शकतो, पाच टक्क्यांचे नाही. आणि एकरी ५० टन काढणाऱ्या शेतकऱ्याला पाच टक्के म्हणजे अडीच टन. त्याच्या घरखर्चात ते स्पष्ट दिसतात. प्रयोगाच्या तक्त्यात मात्र ‘फरक सार्थ नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा पुष्कळदा ‘फरक नाही’ असा वाचला जातो, आणि इथे एक गंभीर चूक घडते. न दिसणे आणि नसणे यांत अंतर आहे. अनुपलब्धी, म्हणजे एखादी गोष्ट न आढळणे, हे तिच्या अभावाचे प्रमाण केव्हा मानायचे, यावर भारतीय दर्शनांनी शतके खर्च केली. त्यांची अट अशी: ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. चार वाफ्यांच्या प्रयोगात पाच टक्क्यांचे अंतर असते तरी बहुधा दिसले नसते. म्हणून ते दिसले नाही यावरून काही सिद्ध होत नाही.

रोगाच्या बाबतीत हेच आणखी धारदार होते. नव्या वाणाची तीनशे बेटे तपासली आणि काणीचे एकही बेट सापडले नाही. वाण काणीमुक्त म्हणावा का? सांख्यिकीचा हिशेब सांगतो की काणीचे खरे प्रमाण शंभरात एक असते, तरी तीनशे बेटांत ती अजिबात न दिसण्याची शक्यता सुमारे पाच टक्के उरते. दहा हजार बेटांच्या रानात शंभरात एक म्हणजे शंभर बेटे, आणि प्रत्येक बेट शेजाऱ्याला रोग देणारे.

नमुन्याचा आकार वाण निवडण्याच्याही आधी, वाण शोधण्याच्या टप्प्यावर आडवा येतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राने फुले संगम, फुले किमया असे सोयाबीनचे वाण दिले. अशा पिकात दोन वाणांचा संकर केला की दुसऱ्या पिढीत गुणांची फेरवाटणी होते. एक अप्रकट जनुक जोडीने हवे असेल, तर चारांत एक झाड तसे निघते. ते हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ११ झाडे पुरतात. दोन जनुके हवी असतील, तर ४७. दहा जनुके एकाच झाडात तशी जुळून यायला हवी असतील, तर प्रमाण दहा लाखांत एकाहूनही थोडे कमी, आणि खात्रीसाठी सुमारे ३१ लाख झाडे लावावी लागतील. एवढे रान कुठल्याच केंद्राकडे नाही. म्हणून संशोधक टप्प्याटप्प्याने, पिढ्यांमागून पिढ्या निवड करत जातो, आणि हाती आलेला वाण हा ‘सर्वांत उत्तम’ नसून ‘जेवढे पाहता आले त्यांतला उत्तम’ असतो. उसात तर पहिल्या टप्प्याला प्रत्येक रोप स्वतंत्र असते. कोइमतूरला किंवा आंबोलीच्या घाटमाथ्यावर ऊस फुलतो, तिथे संकर होतात, बियांपासून हजारो रोपे वाढतात, आणि प्रत्येक रोपाचे एकच बेट पाहून त्यांतली बहुसंख्य बाद केली जातात. बाद झालेल्यांत एखादा मोठा वाण असेलही. त्याला दुसरी संधी द्यायची, तर तेवढी जागा दुसऱ्या नव्या रोपाची जाते.

इथवर आले की चार्वाकाचा आक्षेप आठवतो. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाकदर्शनाने होते; पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी विसाव्या शतकात या ग्रंथावर संस्कृत टीका लिहून तो अभ्यासकांना नव्याने खुला केला. चार्वाकाचे म्हणणे थोडक्यात असे: अनुमान व्याप्तीवर उभे राहते, व्याप्ती म्हणजे सर्व काळ आणि सर्व ठिकाणचा नियम, आणि माणसाचे डोळे तर इथल्या-आत्ताच्या पलीकडे पोहोचत नाहीत. मग व्याप्ती कळली कशी? दुसऱ्या अनुमानाने कळली म्हणाल, तर त्याला तिसरे अनुमान लागेल. चार्वाकाला उडवून लावणे सोपे नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम यांनी युरोपात हीच शंका वेगळ्या वाटेने उभी केली, आणि तिचे सर्वमान्य निरसन अजून झालेले नाही.

सांख्यिकीनेही ते केले नाही. विसांत एक चूक चालेल, हा जो आकडा जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ आहे, तो कुठल्या निसर्गनियमातून आलेला नाही. १९२६ साली शेतावरच्या प्रयोगांच्या मांडणीवर लिहिताना फिशर यांनी तो सोयीचा म्हणून सुचवला, आणि ज्याला अधिक कडक हवा त्याने पन्नासांत एक किंवा शंभरांत एक घ्यावा, अशी मोकळीकही तिथेच ठेवली. मग पुरेसा नमुना म्हणजे काय? शंका संपवणारा नमुना अस्तित्वात नाही. शंका कुठे थांबवायची, ते माणूस ठरवतो.

कुठे थांबवायची, याचे एक उत्तर दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांकडे आहे. ‘न्यायकुसुमांजली’त ते शंकेखोराला त्याच्याच वागण्याकडे पाहायला लावतात. गंगेशांनी पुढे दिलेली उदाहरणे घ्यायची तर, धूर हवा असला की तू अग्नीच शोधतोस, भूक लागली की अन्नच घेतोस. मग या कार्यकारणावर तुला खरोखर शंका आहे का? शंकेची मर्यादा कृतीशी होणाऱ्या विरोधाने ठरते. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी हे उलटे फिरवले: विरोध आहे म्हणता तिथे शंका आहेच, मग विरोधाने शंका थांबेल कशी? हा वाद न्यायग्रंथांत पुढे बराच चालला. पण उदयनांनी एक गोष्ट पक्की पकडली होती. ज्ञान किती पक्के हवे, हे त्यावर कोणती कृती उभी राहणार आहे याच्याशी बांधलेले आहे.

विसाव्या शतकात येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली याच दिशेने एक पाऊल टाकले. चुका दोन प्रकारच्या, असे त्यांनी सांगितले: नसलेला फरक आहे म्हणणे आणि असलेला फरक नाही म्हणणे. दोन्हींची किंमत आधी ठरवा, मग नमुना किती मोठा हवा ते गणिताने काढा. फिशर यांना ही भूमिका मानवली नाही. विज्ञान म्हणजे कारखान्यातला स्वीकार-नकार नव्हे, असा त्यांचा आग्रह होता, आणि दोन्ही बाजूंचा वाद आयुष्यभर टिकला. लंडनला शिकणारे सुखात्मे या दोन्ही घराण्यांच्या सहवासात वाढले. वाण-शिफारशीपुरते पाहिले तर नेमन-पिअर्सन यांची मांडणी जास्त प्रामाणिक वाटते, कारण शिफारस ही कृतीच आहे. तिच्या मागोमाग हजारो एकरांत बेणे पडते.

आणि ती कृती चुकली, तर भोगणारा माणूस प्रयोग करणारा नसतो. हाच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. सोयाबीनचा वाण फसला, तर एक हंगाम जातो. ऊस लावला की लावण, मग तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा, जमल्यास निडवा. एकदा पडलेले बेणे रान तीन-तीन वर्षे अडवून ठेवते. म्हणूनच अखिल भारतीय समन्वित ऊस संशोधन प्रकल्पाच्या प्रगत वाण-चाचणीत दोन लावणी आणि एक खोडवा अशी तीन पिके पाहिली जातात, आणि द्वीपकल्पीय विभागातल्या कोल्हापूर, पाडेगाव, पुणे अशा अनेक केंद्रांचे आकडे एकत्र मांडले जातात. हे बहुस्थानी दर्शन म्हणजे उपाधी शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न आहे. फलटण तालुक्यातले पाडेगाव केंद्र १९३२ पासून ऊस संशोधन करते आहे; तिथूनच २००७ साली फुले २६५ आला. टनेजला तो भारी ठरला आणि शेतकऱ्यांनी उचलून धरला. पण साखर उताऱ्याच्या शंकेने काही कारखाने त्याची नोंद घ्यायला का-कू करत राहिले. वजन पाहणारा आणि साखर पाहणारा, दोघांच्या लेखी ‘चांगला वाण’ वेगळा होता. कोल्हापूरच्या गुऱ्हाळमालकाला तर तिसरेच काही पाहायचे असते: रसाचा रंग, गुळाचा कण, ढेप टिकते की पाघळते. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ टनाच्या आकड्यात दिसत नाही. ज्याने भोगायचे, त्याला जे महत्त्वाचे, तेच मोजले नसेल, तर वाफ्यांची संख्या कितीही वाढवून ती उणीव भरत नाही.

वर्षांचेही असेच आहे. तीन वर्षे शंभर वाफे पाहिले, तरी पावसाळे तीनच पाहिले. समजा, दहा वर्षांतून एकदा मोठा पूर येतो. मग सलग तीन वर्षांत एकही पूर न येण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठचा ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिला. मधल्या कोरड्या काळात चाचणी झालेल्या वाणाची तग धरण्याची ताकद त्या चाचणीत दिसणे शक्यच नव्हते. उत्तर प्रदेशात याचा फटका मोठ्या प्रमाणावर बसला. २००९ साली प्रसारित झालेला को ०२३८ हा उत्तम वाण. टन आणि उतारा दोन्ही त्याने वाढवले, आणि काही वर्षांतच राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर तो पसरला. मग लाल कूज रोगाने त्याला गाठले. चाचणी खोटी नव्हती. चाचणीनंतर परिस्थिती बदलली, आणि ती बदलण्यात त्या वाणाच्या अफाट पसाऱ्याचाही वाटा होता. नमुना भूतकाळातून येतो, शिफारस भविष्याला उद्देशून असते. मधला सांधा गणिताने जुळत नाही.

केवळ संख्येवर विसंबू नये, याचा धडा सुखात्म्यांनी स्वतःही दिला. १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या पाहणीवरून त्यांचे आणि सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचे मतभेद झाले. महालनोबिस लहान वर्तुळांची पुष्कळ कापणी पुरेशी मानत. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले की लहान तुकड्यांतून उत्पादन फुगलेले येते. कारण सोपे आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूटच. सीमेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पावलोपावली येतो, आणि कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. प्रत्येक वर्तुळात तोच कल असेल, तर हजार वर्तुळांची सरासरी त्याच चुकीवर अधिक ठामपणे उभी राहते.

तेच महालनोबिस तत्त्वज्ञानाच्या वाटेने मात्र अशा ठिकाणी पोहोचले, जे कोल्हापूरला घरचे वाटावे. १९५४ साली सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना त्यांनी जैनांच्या स्याद्वादाशी तिचे नाते जोडले; १९५७ साली जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही ‘संख्या’ नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. कोणतेही विधान एका अपेक्षेने खरे, दुसऱ्या अपेक्षेने खरे नाही, आणि दोन्ही एकदम सांगू जाल तर ते अवक्तव्य ठरते, अशा सात भंगांत जैन दर्शन विधानाचा विचार करते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणाऱ्या आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ साली कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केला आणि त्या प्रस्तावनेत स्याद्वादाची चिकित्सक चर्चा केली. या जिल्ह्यात हे दर्शन ग्रंथालयात बंद नाही. हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत शेकडो जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात, आणि कुंभोजच्या बाहुबलीला जाणाऱ्यांत ऊस उत्पादकांची संख्या मोठी असते.

स्याद्वादाला ‘काहीच पक्के नाही’ असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. विधानाला त्याची अपेक्षा जोडा, म्हणजे ते पक्के होते, असे तो सांगतो. ‘हा वाण दहा टक्क्यांनी सरस आहे’ हे विधान ढिले आहे. ‘मध्यम ते खोल काळ्या जमिनीत, सुरू हंगामात, अमुक केंद्रांवर, दोन लावणी आणि एक खोडवा धरून तो सरस आढळला, आणि खरा फरक चार ते सोळा टक्क्यांच्या दरम्यान असावा’ हे विधान अधिक मर्यादित आहे, म्हणूनच अधिक खरे आहे. आणि क्षारपड रानाबद्दल काही पाहिलेच नसेल, तर तिथे ‘अवक्तव्य’ म्हणण्याचे धैर्य हवे.

नमुना मोठा घेणे नेहमीच पुण्याचे असते, असेही नाही. प्रत्येक जादा वाफ्याला रान, पाणी, मजुरी लागते. प्रत्येक जादा वर्षाने चांगला वाण शेतकऱ्यापासून तेवढा दूर राहतो. खात्रीच्या हव्यासाने दहा वर्षे थांबणारा संशोधकही नुकसान करतो, फक्त ते नुकसान कुठल्या तक्त्यात येत नाही. म्हणून पुरेसा नमुना ठरवणे हे शेवटी विवेकाचे काम आहे. किती लहान फरक शेतकऱ्याला महत्त्वाचा आहे, कोणती चूक त्याला जास्त महाग पडेल, कोणत्या जमिनी आणि कोणते हंगाम पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, हे लावणीच्या आधी ठरले पाहिजे आणि लिहून ठेवले पाहिजे. आकडे हाती आल्यावर ठरवलेले निकष आकड्यांच्या सोयीचे निघतात. वीस वाण तपासले आणि एकही खरोखर सरस नसला, तरी निव्वळ योगायोगाने त्यांतला एखादा सरस दिसू शकतो.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या (ॲग्रेस्को) बैठकीत शिफारशी मंजूर होतात. तिथे तज्ज्ञांपुढे पुनरावृत्त्या, ठिकाणे, वर्षे, फरकाची सार्थता असे सगळे तक्ते असतात. गावापर्यंत येणाऱ्या पत्रकात मात्र बहुधा सरासरी टन आणि टक्केच उरतात. शंकेचा भाग वाटेत गळतो, आणि ती शंका निकाली निघाली असा समज होतो. हे बदलणे अवघड नाही. पत्रकात सरासरीखाली चार गोष्टी छापता येतील: किती ठिकाणी आणि कोणत्या जमिनीत पाहिले, किती लावणी आणि किती खोडवे पाहिले, फरकाची खालची आणि वरची मर्यादा किती, आणि कोणती परिस्थिती तपासलेली नाही. शिवारफेरीत हेच चार प्रश्न शेतकऱ्यांनीही विचारावेत. उत्तरे ऐकून शिरोळचा एखादा शेतकरी तीन एकरांत बेणे टाकील, दुसरा आधी दहा गुंठ्यांत लावून आपल्याच रानातला एक नमुना त्यात जोडील. निर्णय दोघांचे वेगळे असतील. पण ते घेताना केंद्राला जेवढे ठाऊक आहे तेवढे दोघांनाही ठाऊक असेल, आणि केंद्राला जे ठाऊक नाही तेही.